जुलाब थांबवणारी गोळी: कधी घ्यावी, कधी हातही लावू नये

मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून चार वेळा तरी एक मागणी येते: "जुलाबाची गोळी द्या." या तीन शब्दांचे मराठीत दोन उलटे अर्थ निघतात. जुन्या माणसांच्या तोंडी 'जुलाब घेणं' म्हणजे एरंडेल किंवा सोनामुखी घेऊन कोठा साफ करणं. आजच्या बोलण्यात जुलाबाची गोळी म्हणजे जुलाब थांबवणारी. सत्तरीचे आजोबा नातवाला पाठवतात, नातू तेवढंच वाक्य दुकानात जाऊन सांगतो आणि समोरचा मुलगा घाईत असतो. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. दुकानात वाक्य पूर्ण बोला: "पातळ होतंय, ते थांबवायचं औषध हवंय, पेशंट इतक्या वर्षांचा आहे आणि त्याला अमुक गोळ्या चालू आहेत."

यापुढचा गोंधळ जास्त खोल आहे. काहीजण पहिल्याच पातळ शौचानंतर दोन गोळ्या टाकून ऑफिसला निघतात. काही घरांत मात्र "घाण बाहेर पडू द्यावी, गोळीने ती आत कोंडते" असं म्हणून कुठल्याही परिस्थितीत ही गोळी घेऊ देत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या आजारांना लागू पडतं. तुमचा आजार कुठल्या बाजूचा, हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

गोळी काय करते आणि काय करत नाही

या कामाची दोन औषधं आपल्याकडे प्रामुख्याने वापरली जातात. पहिलं लोपेरामाइड. इमोडियम, लोपामाइड, एल्डोपर अशा नावांनी ते मिळतं आणि एका गोळीत २ मिलिग्रॅम औषध असतं. दुसरं डायफेनॉक्सिलेट, ज्यात किंचित अ‍ॅट्रोपिन मिसळलेलं असतं. लोमोटिल हे त्याचं जुनं, ओळखीचं नाव. दोन्ही बेल्जियममधल्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेतून आली. दोन्ही कृत्रिम असली तरी काम अफूच्याच रीतीने करतात. अफूने शौचाला घट्ट होतं, हे जुन्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं.

आतडं लाटेसारखं आकसत-सैलावत अन्न पुढे ढकलतं. ही औषधं आतड्याच्या भिंतीतल्या नसांवर काम करून ती लाट मंद करतात. मल आत जास्त वेळ थांबतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि गुदद्वाराचा स्नायूही जरा घट्ट आवळला जातो. नेहमीच्या मात्रेत लोपेरामाइड मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गुंगी सहसा येत नाही. डायफेनॉक्सिलेट पोहोचू शकतं. नशेसाठी कुणी त्याच्या मूठभर गोळ्या खाऊ नयेत, म्हणून त्यात अ‍ॅट्रोपिन मुद्दाम घातलेलं आहे. जास्त गोळ्या घेणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं आणि छातीत धडधडतं.

जंतू मारणं, त्यांचं विष उतरवणं, शरीरातून गेलेलं पाणी भरून काढणं, यातलं काहीही ही गोळी करत नाही. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. आतड्यात साचून राहिलेलं पाणी बाहेर पडलं नाही, तरी शरीराच्या दृष्टीने ते गेलेलंच असतं. गोळी घेतल्यावर शौचाच्या खेपा कमी होतात, घरच्यांना हायसं वाटतं आणि माणूस मात्र आतून सुकत जातो. तेव्हा गोळी घेतल्यानंतर शौचाच्या खेपा मोजत बसू नका, लघवीकडे लक्ष ठेवा. दर तीन-चार तासांनी, फिकट रंगाची लघवी होत असेल तर ठीक. सहा-आठ तास झालीच नाही किंवा गडद, थोडीशीच झाली, तर जुलाब 'थांबलेले' असले तरी दवाखाना गाठा.

गोळी तोंडात टाकण्याआधी

पुढच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर स्वतःच्या मनाने ही गोळी घेऊ नका.

- रक्त किंवा आव पडते का? ताप आहे का? मुरडा, चिकट आव, रक्ताचे धागे आणि १०१ अंशांच्या वर ताप ही आतड्याच्या अस्तराला जखम झाल्याची खूण असते. अशा वेळी जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडणं गरजेचं असतं. आतडं मंदावलं तर आजार लांबतो आणि क्वचित मोठं आतडं फुग्यासारखं फुगून जिवावर बेततं. "घाण आत कोंडते" हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं इथे तंतोतंत खरं आहे.
- गेल्या काही आठवड्यांत अँटिबायोटिकचा कोर्स झाला आहे का? अँटिबायोटिकने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक चिवट जंतू माजू शकतो. त्या जुलाबांत ही गोळी घातक ठरू शकते.
- पोट फुगून टणक झालंय, वारा सरत नाही, सारखी उलटी होतेय? आतडं आधीच अडकलेलं असू शकतं.
- अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे का? यकृताचा आजार आहे का? दिवस गेले आहेत का? आधी डॉक्टरांना फोन करा.
- शौच भाताच्या पेजेसारखं, पांढुरकं आणि बादलीभर होतंय? हा कॉलरा असू शकतो. गोळी शोधण्यात वेळ घालवू नका. ओआरएस पाजत पाजत रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा.

यातलं काहीच नसेल, माणूस मोठा आणि धडधाकट असेल, नुसतं पाण्यासारखं पातळ होत असेल आणि आठ तासांचा एसटीचा प्रवास किंवा परीक्षेचा पेपर समोर असेल, तर लोपेरामाइड घ्यायला हरकत नाही. त्यात कमीपणाही नाही. ते त्यासाठीच आहे.

पण आधी पाणी

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने तडफडत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरली, ती पाण्यात कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. आतडं मंदावणारं एकही औषध त्यात नव्हतं. आपण जिला जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतो ती हीच.

आता घरातल्या डब्यातलं ओआरएसचं पाकीट काढून हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. वीस-बावीस ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चारेक ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरसाठी. बहुतेक घरांत मोठ्या पाकिटातली चमचाभर पूड पेल्यात घालतात, पाकिटाचं तोंड दुमडून रबर लावतात आणि उरलेलं पुढच्या वेळी वापरतात. हा अंदाज हमखास चुकतो. पाणी फार खारट झालं तर जुलाब वाढतात आणि लहान मुलाच्या रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला जातं. पातळ झालं तर उपयोगच होत नाही. एक लिटरची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, पाकीट एकदाच पूर्ण रिकामं करा, हलवा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर शीग नको. बोटाने सपाट करा.

- दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने.
- दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर.
- त्याहून मोठ्यांना हवं तेवढं.
- उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमचा-चमचा सुरू करा. "उलटतंय म्हणून बंद केलं" असं करू नका.

खोक्यातल्या फळांच्या चवीच्या गोड पेयांवर 'ओआरएस' असं छापून ती वर्षानुवर्षं विकली गेली. त्यांतल्या साखरेने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी विकत घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वेष्टनावर आहे ना, ते वाचून घ्या. पेज, मीठ घातलेलं ताक, नारळपाणी, मऊ भात हे सोबत चालू ठेवा. उपाशी ठेवल्याने आतडं लवकर बरं होत नाही.

मोठ्या माणसाने लोपेरामाइड कसं घ्यावं

सुरुवातीला दोन गोळ्या, म्हणजे ४ मिलिग्रॅम. त्यानंतर प्रत्येक पातळ शौचानंतर एक. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय घेण्याची मर्यादा दिवसाला ८ मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या आहे. स्वतःहून घेताना तुम्हीही तीच पाळा. डॉक्टर १६ मिलिग्रॅमपर्यंत नेऊ शकतात, पण ती त्यांच्या देखरेखीखालची गोष्ट आहे.

गोळीचा परिणाम जाणवायला तासभर किंवा जास्त लागतो. दहा मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून लागोपाठ गोळ्या टाकल्या, की दुसऱ्या दिवशी पोट गच्च होतं आणि तीन दिवस शौचाला होत नाही. शौच घट्ट झालं किंवा अर्धा दिवस झालंच नाही, की गोळी बंद करा. ठरलेला कोर्स पूर्ण करण्याचं हे औषध नाही. ४८ तासांत फरक पडला नाही तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा.

ठरल्यापेक्षा खूप जास्त गोळ्या घेतल्या तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तसा इशारा दिला. बुरशीवरचं केटोकोनॅझोल किंवा एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर चालू असेल, तर लोपेरामाइडचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हृदयाची लय बिघडण्याचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.

लहान मुलांना ही गोळी नाही

अर्धी गोळी नाही, पाव गोळी नाही, पाण्यात कालवून नाही.

लहान मुलाचं आतडं या औषधाने मंद न होता लुळं पडू शकतं. १९८९-९० च्या सुमारास पाकिस्तानात तान्ह्या बाळांना लोपेरामाइडचे थेंब दिले गेले. बाळांची पोटं फुगली, आतडी थांबली, काही बाळं दगावली. १९९० मध्ये ते थेंब बाजारातून मागे घ्यावे लागले. भारतात लोपेरामाइड किंवा डायफेनॉक्सिलेट असलेली, मुलांसाठी बनवलेली जुलाबाची औषधं कायद्याने बंद आहेत. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला देणं म्हणजे तीच बंदी घरात मोडणं.

डायफेनॉक्सिलेटची आणखी एक भीती आहे. मुलाने चुकून गोळ्या गिळल्या तर पहिले काही तास ते खेळतं-बागडतं दिसतं आणि श्वास मंदावणं नंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. "काही झालं नाही, ठीक आहे" असं म्हणून घरी थांबू नका. स्ट्रिप सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा.

मुलासाठी तुमच्या हातात काय आहे? ओआरएस, आईचं दूध किंवा नेहमीचा आहार, आणि झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक, सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, एकूण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक चालू ठेवायचं. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जायफळ उगाळून द्यायची घरोघरची सवय असेल, तर जायफळही जास्त झालं की गुंगी आणतं हे ध्यानात असू द्या. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट न होता सावकाश खाली बसली, की वाट पाहू नका.

अंथरुणाला खिळलेल्या आजींचे 'जुलाब'

हा भाग घरात म्हातारं माणूस असणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. आठ दिवस आजींना नीट शौचाला झालेलं नाही. मग एके दिवशी सारखं थोडं थोडं पातळ पाणी गळायला लागतं, चादरी खराब होतात. घरचे समजतात की जुलाब लागले आणि गोळी देतात. खरं तर गुदाशयात मलाचा घट्ट गोळा अडकून बसलेला असतो आणि त्याच्या कडेने वरचं पातळ पाणी झिरपत असतं. म्हणजे मुळात ही बद्धकोष्ठता आहे आणि तिच्यावर दिलं जातं आतडं मंदावणारं औषध. अशा वेळी डॉक्टरांना बोलवा आणि "आधी किती दिवस झालं नव्हतं" हे आठवणीने सांगा.

म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या गोळ्याही तपासा. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेच अनेकांचं पोट सुटतं. मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलला की प्रश्न मिटतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना जुलाब लागले, तर शरीर दोन्हीकडून सुकतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्या दिवसांत कुठल्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा. मनाने थांबवू नका, आणि न विचारता चालूही ठेवू नका.

एका पुडीत चार गोळ्या

पोट बिघडल्याचं सांगितलं की अनेक ठिकाणी एक पुडी हातात पडते: जुलाब थांबवायची गोळी, दोन अँटिबायोटिक एकत्र असलेली गोळी, पोटदुखीची आणि अ‍ॅसिडिटीची. साध्या पाणीदार जुलाबांत बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरजच नसते. पोटात कळ येते म्हणून दिलेल्या डायसायक्लोमिनने आतड्याची हालचाल कमी होते. ते आणि लोपेरामाइड एकत्र घेतलं की परिणाम वाढतो आणि पोट फुगू शकतं. रेसेकॅडोट्रिल नावाचं औषध मात्र वेगळं आहे. ते आतड्याची चाल मंद करत नाही, आतड्यात झिरपणारं पाणी कमी करतं. ते कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, पण लोपेरामाइडच्या जागी ते लिहून दिलं तर गोंधळून जाऊ नका.

ज्यांना ही गोळी मुद्दाम दिली जाते

आयबीएस, म्हणजे आतडं उगाच चिडचिडं होण्याचा त्रास, काहींना घराबाहेर पडू देत नाही. लोकलमध्ये चढायच्या आधी स्टेशनवरचं शौचालय शोधणारी ही माणसं डॉक्टरांच्या सल्ल्याने लोपेरामाइड घेऊन नोकरी टिकवतात. पोटावर मल गोळा करणारी स्टोमाची पिशवी असणाऱ्यांना पातळपणा कमी करण्यासाठी ते देतात. आतड्याच्या कर्करोगावरच्या इरिनोटिकान या औषधाने लागणारे जुलाब इतके जोरदार असतात, की तिथे दर दोन तासांनी गोळी द्यावी लागते. शेजारच्या अशा रुग्णाची मात्रा पाहून तुम्ही तेवढ्या गोळ्या घेऊ नका. आणि दोन-चार आठवडे पोट सुटलेलंच असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर गोळीवर दिवस न काढता तपासण्या करून घ्या.

परदेशी निघताना

बॅगेत लोपेरामाइडची एक स्ट्रिप आणि ओआरएसची पाच-सहा पाकिटं असू द्या. डायफेनॉक्सिलेट अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेलं आहे. मुलाकडे आखातात जाणाऱ्या आई-वडिलांनी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नये आणि त्या देशाचे नियम आधी पाहून घ्यावेत. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवा.

दुकानात तुमचे हक्क

- डायफेनॉक्सिलेट 'शेड्यूल एच-वन' मध्ये आहे. ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवावं लागतं. तो नाव विचारतो म्हणून रागावू नका. विचारत नसेल तर दुकान बदला.
- सुट्या गोळ्या घेतल्या तरी औषधाचं नाव आणि मुदत कळेल असा स्ट्रिपचा भाग मागा. कागदाच्या पुडीतली निनावी गोळी घेऊ नका.
- बिल मागा. औषधात खोट निघाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच पुरावा असतो.
- दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असायलाच हवा. त्याच्याशी बोलायचं आहे, असं तुम्ही म्हणू शकता.
- औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः नोंदवता येतं. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

जुलाब थांबल्यानंतरचे दिवस

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले. त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला. पोट बरं झाल्यावर काही दिवसांनी पायांतली ताकद जायला लागली. असं फार थोड्यांना होतं. पण जुलाबानंतरच्या महिन्याभरात पायाला मुंग्या येऊन जिना चढता येईना, हातातून कप निसटू लागला किंवा गिळायला त्रास झाला, तर अशक्तपणा समजून टॉनिक घेऊ नका. मोठ्या रुग्णालयात जा आणि "अमुक दिवसांपूर्वी जुलाब झाले होते" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

एकाच इमारतीत किंवा वाडीत दोन दिवसांत चार-पाच घरांत जुलाब लागले, तर प्रत्येक घराने गुपचूप गोळी घेऊन भागवू नये. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवा आणि टाकीच्या, विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला सांगा. ग्रामपंचायत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकते की नाही, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. अहवाल येईपर्यंत पाणी खळाखळा उकळून घ्या किंवा क्लोरीनचं मेडिक्लोर द्रावण टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा आणि मगच हंड्यात ओता.